वायर धरायचं काम

लॅपटॉपला जॅक नावाचा एक अवयव असतो, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. चार्जरच्या वायरीचं टोक लॅपटॉपच्या कडेला ज्या भोकात खुपसतात ते भोक म्हणजे जॅक. आकार शर्टाच्या बटणाएवढा. एवढ्याशा वस्तूपायी मी सव्वादोन महिने पायपीट केली, सख्ख्या बहिणीकडून लेखी ना-हरकत घेतली, एकतीस वर्षांच्या नोकरीत कमावलेली अब्रू एका भंगारवाल्याच्या टेबलावर ठेवून आलो, आणि एवढं सगळं करून हाती काय लागलं, तर गरजेपेक्षा चांगला जॅक. ही तक्रार ऐकून तुम्हाला हसू येईल. पण शेवटपर्यंत ऐकून घ्या आणि मग हसा.

लॅपटॉप आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. लॅपटॉप बारा वर्षांचा. त्याची बॅटरी पहिल्याच वर्षी फुगली म्हणून काढून टाकली होती, तेव्हापासून तो फक्त वायरीवर चालायचा. वायर जागेवरून हलली की खेळ खलास. स्क्रीन काळी.

या लॅपटॉपवर आमच्या घरात एकच काम होत असे. आई पत्ते खेळायची. एकट्याने खेळायचा तो डाव, काळ्यावर लाल, लालवर काळं, राजापासून खाली उतरत यायचं. पण ती एकटी कधीच खेळत नसे. दुपारचा चहा झाला की जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी लागायच्या. उजवीकडच्या खुर्चीत आई, हातात माउस. डावीकडच्या खुर्चीत आप्पा, हातात वायर. जॅक ढिला झाला होता आणि वायरीचं टोक विशिष्ट कोनात दाबून धरलं तरच वीज जायची, असं आप्पांचं म्हणणं होतं. तो कोन त्यांच्याशिवाय कुणाला साधत नसे. ते तासन्‌तास तसे बसलेले असायचे, एका हातात वायर, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची घडी, आणि डोळे मात्र पत्त्यांवर.

सुटीच्या दिवशी शेजारच्या खोलीत मी फायली बघत बसलो की त्यांचं बोलणं ऐकू यायचं. फार बोलत नसत.

"ती लाल नव्वी बघा. कुठे बसली आहे जाऊन."

"हं."

"आता काही खरं नाही."

"बघू की. दोन पानं आहेत अजून."

मग आईचा आवाज, "हात अवघडला असेल तुमचा."

"छे, छे, कुठे... अरेरे!"

अरेरे झालं म्हणजे वायर सुटली, लॅपटॉप बंद. आई म्हणायची, "असू दे. होतं कधीकधी." मग पुन्हा सगळं सुरू करायचं आणि नवा डाव मांडायचा. मी इकडून ओरडायचो, "आप्पा, तो जॅक बदलून घ्या एकदाचा!" (त्या वेळी मी त्याला जॅक म्हणत नव्हतो, 'ते भोक' म्हणत होतो.) आप्पा तिकडून म्हणायचे, "चाललंय की!" आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

लॅपटॉप प्रत्येक डावाची मोजदाद ठेवायचा. खेळले किती, जिंकले किती, टक्के किती. आप्पांनी एकदा लॅपटॉपच्या झाकणाच्या आत कागदाची पट्टी चिकटवली आणि त्यावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, '१०,००० पैकी ५,०००'. दहा हजार डाव खेळायचे आणि त्यातले निम्मे जिंकायचे. माणसं या वयात तीर्थयात्रा ठरवतात, यांनी हे ठरवलं. आप्पा गेले तेव्हा साडेनऊ हजारांच्या आसपास डाव झाले होते आणि टक्केवारी एक्कावन्न होती. आई पुढे एकटी खेळत राहिली, रोज नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस. वायरीला कपड्यांचा चिमटा लावायची आणि चिमट्याखाली पोस्टकार्डाची घडी. पण आप्पा गेल्यापासून ती फार हरायला लागली. टक्केवारी घसरत घसरत बरोबर पन्नासच्या काठावर येऊन थांबली होती.

अशात एका मंगळवारी दुपारी आईने मला हाक मारली. मी गेलो. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून काळ्या स्क्रीनकडे बघत होती. "गेलं," ती म्हणाली.

मी चिमटा काढून पाहिला, लावून पाहिला, वायर फिरवली, दाबली, फुंकर मारली. शेवटी ते टोक जॅकमध्ये शिरून आतल्या आत गडगड हलायला लागलं.

"किती डाव राहिले होते?" मी विचारलं.

"वीस. त्यातले नऊ जिंकायचेत."

माझी बायको व्यवहारी आहे. ती म्हणाली, "आई, आपण नवीनच घेऊ या. हलका मिळतो आता. त्यातही पत्ते असतात."

"त्यात आमचे डाव आहेत का?" आई म्हणाली.

नव्या लॅपटॉपमध्ये मोजदाद शून्यापासून सुरू होणार होती. आईचं वय चौऱ्याऐंशी. तिने हिशेब आधीच केला असावा, कारण ती लगेच म्हणाली, "मला काही पुन्हा दहा हजार जमायचे नाहीत, बाळा."

आई मला एरवी बाळा म्हणत नाही. म्हटलं की मी काहीही कबूल करतो. मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "एक जॅक तर आणायचाय. शनिवारपर्यंत बसवून देतो." कुठला शनिवार ते मी बोललो नाही, हे आज बरं वाटतं.

बातमी खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांपर्यंत पोचली. आमच्या इमारतीत कुणाची नळाची तोटी गळली तरी विमावाले आधी येतात आणि प्लंबर नंतर. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "तांदळात ठेवा."

"तो भिजलेला नाहीये," मी म्हणालो.

"तरी ठेवा. आमच्या मेहुण्यांचा फोन तांदळात ठेवून चालू झाला."

"त्यांचा भिजला असेल."

"भिजला होता. पण तांदळाने नुकसान तर काही नाही ना?"

या तर्कापुढे मी हात टेकले. नुकसान काही नाही या एका वाक्यावर जगातली निम्मी नुकसानं होतात. लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता आणि त्या दोन दिवसांत बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. माणूस बोलायला कमी, कपाळावर भिंग. त्याने लॅपटॉप उघडा केला, चिमट्याने जॅकमधून काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"यात तांदूळ कसा?"

"आमच्याकडे पाहुणे होते," मी म्हणालो. लाज झाकायला माणूस काय वाटेल ते बोलतो.

त्याने जॅक सुटा केला आणि भिंगाखाली फिरवून बघितला. "हा आडव्या ओढीने गेलाय. कुणीतरी वायर सारखी ओढून काढत होतं."

"धरून ठेवत होतं," मी दुरुस्ती केली. "आमचे वडील. आठ वर्षं."

"धरून ठेवल्याने असा झिजत नाही. ओढल्याने झिजतो."

मला राग आला. माझ्या वडिलांनी आठ वर्षं ज्या वायरीची सेवा केली तिच्याबद्दल जिन्याखालच्या माणसाने मत द्यावं, हे मला पटलं नाही. तो म्हणाला, "माझ्याकडे असला नाही. जुनं मॉडेल. नमुना घेऊन जा, हुबेहूब आणा, मी बसवून देतो." मी तो जॅक चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि बाहेर पडलो.

सरळ मार्गाने जाणारा माणूस असल्यामुळे मी आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. काचेचा दरवाजा, थंड हवा, टोकन क्रमांक एकशे बारा. पलीकडच्या बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "मूळ खरेदीदार आपणच का?"

"नाही. माझे वडील."

"मग त्यांना यावं लागेल."

"ते चार वर्षांपूर्वी गेले."

"अरेरे," बाई म्हणाल्या आणि मनापासून म्हणाल्या. मग खालचा कप्पा उघडून त्यांनी एक अर्ज काढला. मालकी बदलल्याशिवाय सुटा भाग देता येत नाही. मालकी बदलायला मृत्यूचा दाखला, माझं ओळखपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र.

मी स्वतः सरकारी खात्यात आयुष्य काढलेलं. अर्जाचं मला भय नाही, उलट अर्ज दिसला की घरी आल्यासारखं वाटतं. मी ताईला फोन केला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात असते.

"कशाला हरकत नाही म्हणून लिहू?" तिने विचारलं.

"आप्पांच्या लॅपटॉपला जॅक बसवायला."

"त्या जॅकमध्ये माझाही वाटा आहे का रे?"

"कायद्याने असू शकतो."

ताई इतकी हसली की तिच्या सुनेने येऊन फोन घेतला आणि काय झालं म्हणून काळजीने विचारलं. पण पत्र आलं. त्यात ताईने लिहिलं होतं की वडिलांच्या जॅकवर माझा कोणताही हक्क नाही, तो धाकट्या भावाने सुखाने उपभोगावा. सेवा केंद्रातल्या बाईंनी ते गंभीरपणे वाचलं, शिक्का मारला, मॉडेलचा क्रमांक यंत्रात घातला आणि म्हणाल्या, "सर, हे मॉडेल आम्ही सात वर्षांपूर्वीच बंद केलंय. याचे भाग येत नाहीत."

"मग अर्ज कशाला घेतला?"

"मालकी तुमच्या नावावर झाली ना," बाई म्हणाल्या. त्यांनी मला त्याची पावतीही दिली.

एक महिना गेला होता. आई काही विचारत नसे. दुपारी चहा झाला की ती जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसायची आणि समोर लॅपटॉप नसल्यामुळे मेणकापड पुसायची. पुसलेलं मेणकापड पुन्हा पुसताना ती दिसली की मी चपला घालून बाहेर पडायचो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या फजितीचं मूळ तिथे आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे, वजनं, मापं तपासायची आणि खोटी निघाली तर जप्त करायची. एकतीस वर्षांत मी एक ग्रॅमही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. यावरून आप्पांचे आणि माझे खटके उडायचे. आप्पा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लांबच्या गावचा फोन लावायला वायरीचं टोक बोर्डाच्या भोकात खोचायचं आणि तीन मिनिटं झाली की उपटायचं, हे त्यांचं काम. पण पलीकडे कुणी रडत असलं, की आप्पांचं घड्याळ हमखास मागे पडायचं. पाच-पाच मिनिटं वायर तशीच राहायची. एकदा त्यांना यासाठी मेमो मिळाला. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. मी त्यांना म्हणालो होतो, "आप्पा, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. हे खोटं माप झालं." आप्पा म्हणाले, "हो रे. झालं खरं." आणि जेवायला बसले. मी बरोबर होतो, आणि तरी ते वाक्य मी बोलायला नको होतं असं मला पुढे अनेकदा वाटलं.

तर मापाचा माणूस असल्याने मी ठरवलं, जॅक मोजायचा आणि मापाबरहुकूम मागवायचा. माझ्याकडे नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेला व्हर्नियर कॅलिपर आहे. दोन जबड्यांमध्ये वस्तू धरली की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत माप सांगणारी पोलादी पट्टी. मी तो कपाटातून काढला, पुसला, घरातल्यांना समोर बसवलं आणि जॅकच्या आतली बारीक दांडी मोजली. अडीच मिलिमीटर. पुन्हा मोजली. अडीच. विमावाले म्हणाले, "मला दोन वाटते." मी त्यांच्याकडे बघून नुसता हसलो.

अडीचचा जॅक टपालाने यायला तीन आठवडे लागले. दुरुस्तीवाल्याने तो बसवून दिला. घरी आल्यावर आईने स्वतः वायर हातात घेतली आणि लावायला गेली. टोक आत जाईना. मी प्रयत्न केला. बायकोने केला. विमावाल्यांनी दात-ओठ खाऊन केला. दांडी जाड आणि टोकाचं भोक बारीक.

"साबण लावून बघा," बायको म्हणाली. "बोटातली अंगठी काढताना लावतात तसा."

"ती वीज आहे, अंगठी नाही!" मी ओरडलो. आई उठून आत गेली. तिने दार लावलं नाही, आपटलं नाही, काही नाही. ती फक्त आत गेली. त्या दिवशी मला माझा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने तो जॅक काढून दिला आणि मला जुन्या यंत्रांच्या बाजाराचा पत्ता सांगितला. "शेवटच्या गल्लीत एक म्हातारा आहे. तो मोजत नाही, बघतो."

शेवटच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मेलेल्या यंत्रांचे ढीग होते. म्हातारा खिडकीपाशी लाकडी टेबलामागे बसला होता. मी जुना जॅक, चार्जरचं टोक आणि कॅलिपर असं सगळं त्याच्यापुढे मांडलं आणि माप सांगायला सुरुवात केली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"साहेब, ओळखलं नाहीत?"

मी नाही म्हणालो.

"तुम्ही माझा काटा नेला होता. तेरा वर्षं झाली. तेव्हा मी रद्दी घ्यायचो."

सवयीने तोंडून निघालंच, "किती खोटा होता?"

"किलोमागे वीस ग्रॅम."

"मग न्यावाच लागणार."

"नेलात ते बरोबरच केलंत," म्हातारा म्हणाला. "मी कुठे काय म्हणतोय? तो मापाचा आकडा काय म्हणालात?"

"अडीच."

त्याने माझा कॅलिपर उचलला. त्याचे जबडे पूर्ण मिटवले, खिडकीच्या दिशेने वर धरला आणि एक डोळा बारीक केला. पुष्कळ वेळ तो तसाच बघत होता. मग म्हणाला, "साहेब, उजेड दिसतोय."

खात्यात नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच शिकवायचो. आधी जबडे मिटव आणि उजेडासमोर धर. फटीतून उजेड दिसला तर ते हत्यार खोटं, त्याने काहीही मोजू नकोस. एकतीस वर्षं शिकवलं आणि घरी, चार माणसांसमोर ऐटीत मोजताना, विसरलो. मी कॅलिपर हातात घेऊन पाहिलं. एक जबडा किंचित वाकला होता. मिटवूनही चार दशांश मिलिमीटर दाखवत होता. (घरी गेल्यावर मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "एकदाच. डब्याचं झाकण निघत नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दोनदा.")

"आता हे जप्त करावं लागेल," म्हातारा म्हणाला.

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्याने एका पुठ्ठ्याचा तुकडा घेतला आणि त्यावर सावकाश, जोडून जोडून लिहिलं: आज रोजी निरीक्षक साहेबांकडून एक मोजायचं हत्यार, चार दशांश खोटं, जप्त केलं. पुठ्ठा त्याने माझ्यापुढे सरकवला आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली. करताना माझे कान गरम झाले होते.

मग त्याने चार्जरचं टोक दोन बोटांत धरून एकदाच फिरवलं, मागच्या पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि बघून न बघितल्यासारखा एक जॅक काढला. टोक लावलं. टक् असा आवाज झाला. तसा आवाज मी सव्वादोन महिन्यांत ऐकला नव्हता.

"पैसे?" मी विचारलं.

"हत्यार ठेवून घेतलं ना. सोडवायला कधी याल?"

"आमच्या खात्यात जप्त माल परत मिळत नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," म्हातारा म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो.

त्याच दिवशी जॅक बसला. इतका घट्ट, की वायर लावल्यावर लॅपटॉप उचलून आडवातिडवा हलवला तरी स्क्रीन लुकलुकेना. मी आईला म्हणालो, "आता चिमटा नको, पोस्टकार्ड नको, कुणी धरायला नको. खेळ बिनघोर." आईने झाकणातली पट्टी अंगठ्याने दाबून सारखी केली आणि डाव मांडला. हरली. दुसरा हरली. तिसरा, चौथा हरली. चौथ्यानंतर तिने माउस बाजूला ठेवला.

"तू जरा वायर धर," ती म्हणाली.

"आई, गरज नाही. घट्ट बसलाय."

"तरी धर."

मी डावीकडच्या खुर्चीत बसलो आणि वायर धरली. एकसष्ट वर्षांचा, निवृत्त, बिनकामाची वायर धरून. विमावाले दारातून डोकावले, काही न बोलता परत गेले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ असावी. पण खरं सांगतो, बसल्या बसल्या मला बरं वाटू लागलं. आईच्या बोटांचा आवाज, टेबलाचं मेणकापड, चहाचे रिकामे कप. आप्पांना इथून काय दिसत होतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. पत्ते कमीच दिसत होते, आईचा चेहरा जास्त.

आई जिंकायला लागली. सगळेच डाव नाही. मधेच एखादा डाव अडला की ती म्हणायची, "हात अवघडला असेल तुझा." मी अभिमानाने सांगायचो, "छे गं, काही नाही. मी धरलीये घट्ट." ती माझ्याकडे क्षणभर बघायची, मग सुस्कारा टाकून हार पत्करायची. असं तीन-चार वेळा झालं. चौथ्या वेळी ती नुसतं म्हणाली, "तू लहानपणापासून असाच आहेस."

आठ दिवसांनी दुपारी आकडे असे होते: खेळले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव, जिंकले चार हजार नऊशे नव्व्याण्णव. एक डाव उरला होता. जिंकला की आप्पांची पट्टी खरी, हरला की कायमची खोटी. बायको दारात उभी राहिली. आईने चष्मा पुसला आणि पत्ते वाटले.

डाव पहिल्यापासूनच वाईट होता. दोन एक्के तळाशी गेले होते, लाल राजा रिकाम्या जागेसाठी ताटकळत होता, काळी दश्शी काही केल्या हलेना. आई गड्डी पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. तीच पानं परत येत होती. मलाही दिसलं, बायकोलाही दिसलं. आता फक्त हरलो म्हणायचं बाकी होतं.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. स्क्रीनवरची नजर न काढता, अगदी हळू, ती म्हणाली, "हात अवघडला असेल तुझा."

आणि मला शेजारच्या खोलीतून ऐकलेलं सगळं ऐकू आलं. आठ वर्षं, दुपारी, त्याच आवाजातलं तेच वाक्य आणि त्यापाठोपाठ आप्पांचं अरेरे. डाव सोडून दिला की लॅपटॉप हार मोजतो. पण मधेच वीज गेली तर तो डाव झालाच नाही असं धरतो. आडव्या ओढीने गेलाय, दुरुस्तीवाला म्हणाला होता. धरून ठेवल्याने असा झिजत नाही.

म्हणजे जॅक कधी ढिला नव्हताच. निदान पहिली काही वर्षं तरी नव्हता. आई कधी सांगत नव्हती आणि आप्पा कधी विचारत नव्हते. ती हात अवघडल्याची चौकशी करायची, त्यांच्याकडून वायर सुटायची, आणि दोघंही अपघात झाल्याचं दुःख करायचे. आप्पा गेल्यावर चार वर्षं चिमटा तिच्या हाताशी होता. मनात आणलं असतं तर कधीही काढता आला असता. तिने एकदाही काढला नाही, कारण स्वतः काढणं म्हणजे लबाडी झाली असती. ती मुकाट्याने हरत राहिली आणि टक्के उतरताना बघत राहिली.

मी एकतीस वर्षं खोटी मापं पकडली. माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर हे चाललं होतं, आणि मी शेजारच्या खोलीतून जॅक बदला म्हणून ओरडत होतो.

"हो," मी म्हणालो. "अवघडलाय खरा."

वायर ओढली. सुटेना. म्हाताऱ्याचा जॅक फारच इमानी होता. मी दोन्ही हात लावले, टेबल हललं, कप वाजले, आणि एकदाचं ते टोक बाहेर आलं. स्क्रीन काळी झाली.

"अरेरे," मी म्हणालो. मला ते नीट जमलं नाही.

"सुटलं का?" आई म्हणाली. "असू दे. होतं कधीकधी."

त्या दुपारी दहा हजारावा डाव आम्ही चार वेळा खेळलो. तीन वेळा माझा हात अवघडला. चौथ्या वेळी तळातून दोन्ही एक्के आपण होऊन वर आले, काळी दश्शी हलली, राजे आपापल्या जागी जाऊन बसले आणि सगळे पत्ते कारंज्यासारखे स्क्रीनभर उडायला लागले. ते थांबल्यावर आकडे आले. दहा हजार. पाच हजार. पन्नास टक्के.

आई कितीतरी वेळ ते आकडे बघत होती. मग तिने झाकणातल्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं आणि वायरीकडे, माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं.

"जॅक चांगला आणलास," ती म्हणाली. "पण आप्पांचा बरा होता. वेळेवर सुटायचा."

"यालाही होईल सवय," मी म्हणालो आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.